अडतिसाव्या दगडापाशी

बोगदा एक तारखेला सुरू होणार अशी नोटीस डेपोच्या फळ्यावर लागली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकट्या वस्तादांनी ती पुन्हा पुन्हा वाचली.

बातमी खरं तर आनंदाचीच होती. ऐंशी किलोमीटरचा तो घाटरस्ता म्हणजे ड्रायव्हर लोकांच्या जिवाला कायमचा घोर. एका वेळी एकच बस मावेल एवढा अरुंद. दर आठ किलोमीटरला तेवढी एकेक रुंद जागा काढलेली, तिथेच काय त्या समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना चुकवू शकत. वरून उतरणाऱ्याला खालच्या वळणावर चढती गाडी दिसली की त्याने रुंद जागेत थांबायचं, आणि चढणाऱ्याने न थांबता, त्याच्या काचेला काच घासेल इतक्या जवळून पुढे निघून जायचं, असा तिथला रिवाज. बोगद्यात हे काही राहणार नव्हतं. जायची वाट वेगळी, यायची वेगळी, मध्ये भिंत. कोणी कोणासाठी थांबणार नाही, आणि कोणी कोणाला दिसणारही नाही.

आणि वस्तादांना तर कोणाला तरी एकदा डोळे भरून बघायचं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी त्याच घाटात वरच्या गावच्या डेपोची बस चालवत होती. तिची गाडी खालून दहाव्या किलोमीटरच्या फाट्यावरून कारखान्याकडे वळायची, खाली वस्तादांच्या डेपोत कधी यायचीच नाही. तिला पाहून तीन वर्षं होऊन गेली होती.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, मग जा की तिच्या घरी, नाहीतर बस तिच्याच गाडीत जाऊन. तीच तर खरी गोम होती.

वस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. सव्वीस वर्षं घाटात एकही ओरखडा न पाडता गाडी चालवली म्हणून नव्या ड्रायव्हरांनी दिलेली ती पदवी. पुढे डावा डोळा अधू झाला, डॉक्टरांची चिठ्ठी आली, आणि वस्तादांना स्टिअरिंगवरून उठवून फाटकावरच्या टपरीत बसवलं. कोणती गाडी किती वाजता गेली, किती वाजता आली, एवढं वहीत लिहायचं. बाकी दिवसभर माशा मारायच्या. नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीला, म्हणजे ढमीला, ड्रायव्हर म्हणून नेमणुकीचं पत्र आलं. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ढमी. आता चांगली शिडशिडीत होती, पण घरातली नावं अशी सहजासहजी सुटत नाहीत. ती पत्र नाचवत घरात आली, आणि वस्तादांच्या पोटात दुखलं. सरळ सांगायचं तर स्वतःच्या पोरीचा हेवा वाटला. त्या हेव्याची त्यांना इतकी लाज वाटली, की त्या लाजेचा राग त्यांनी पोरीवरच काढला.

"घाटात गाडी घालणं म्हणजे भातुकली नव्हे," ते म्हणाले. "जीव गेला तरी मी तुझ्या गाडीत बसायचा नाही."

ढमीने पत्राची घडी घातली, "बरं" म्हणाली, आणि नोकरी मागून घेतली ती थेट वरच्या गावच्या डेपोत.

तेव्हापासून बाप-लेकीत बोलणं नाही. वस्तादांची बायको मात्र आठवड्यातून दोनदा मुलीला फोन लावायची, आणि तोही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "काय म्हणतेस! केस कापलेस? मानेपर्यंत? अगं, फोटो तरी पाठव... ते? ते पेपर वाचतायत." पेपर उलटा धरला नव्हता एवढंच. त्या दिवसापासून वस्ताद मनातल्या मनात ढमीचे केस कापून बघत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे यायची ती दोन वेण्यांचीच.

तिच्या घरी जाणं म्हणजे नाक मुठीत धरून जाणं. तिच्या गाडीत बसणं म्हणजे दिलेला शब्द गिळणं. फाट्यावर जाऊन उभं राहणं म्हणजे तर भीक मागण्यासारखंच. वस्तादांना हवी होती ती निव्वळ योगायोगाची भेट. आपण आपल्या डेपोच्या बसमधून काही कामाने वर चाललोय, समोरून तिची गाडी येतेय, रुंद जागेत काचेला काच लागतेय, आणि आपण सहज बघितल्यासारखं बघतोय. असा योगायोग घडवून आणायला किती खटपट लागते, हे त्यांना अजून कळायचं होतं.

बायकोच्या फोनवरच्या आरडाओरड्यातून त्यांनी एवढं टिपून ठेवलं होतं, की बुधवारी ढमी साडेनऊच्या गाडीवर असते. बुधवार हाच वस्तादांचा सुट्टीचा दिवस. बोगदा सुरू व्हायला दोनच बुधवार उरले होते.

दोन्ही डेपोंची वेळापत्रकं तक्तेबाईंच्या खोलीत टाचलेली असत. तक्तेबाई म्हणजे डेपोचे तक्ते आखणाऱ्या बाई. आधी कुठल्याशा शाळेत गणित शिकवायच्या, आता दिवसभर आलेख कागद, पट्टी आणि टोकदार पेन्सिली. बाई जेवायला गेलेल्या बघून वस्ताद आत शिरले. आपल्या कागदावर लिहिलं होतं: नऊ वाजता शून्य, दहाला वीस, साडेदहाला तीस. वरच्या डेपोच्या कागदावर: साडेनऊला शून्य, साडेदहाला तीस. वस्तादांनी दोन्हींवर बोट ठेवलं. साडेदहा, तीस. साडेदहा, तीस. तिसाव्या दगडापाशी रुंद जागाही होती. त्यांना वाटलं, देवानेच दोन्ही कागदांवर सारखे आकडे लिहून ठेवलेत.

पहिल्या बुधवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "चष्मा बघायला वर जाऊन येतो," ते बायकोला म्हणाले.

"खाली चष्मे मिळायचे बंद झाले वाटतं?" बायको म्हणाली, पण तिने पाण्याची बाटली भरून दिली आणि पुढे काही विचारलं नाही.

नऊच्या गाडीवर भोंगा होता. प्रत्येक वळणावर भोंगा वाजवतो म्हणून हे नाव. वस्तादांच्याच हाताखाली तयार झालेला. वस्ताद त्याच्या मागे, उजव्या खिडकीशी बसले, कारण समोरून येणारी गाडी उजवीकडूनच जाते. साडेदहाला तिसावा दगड आला. रुंद जागा रिकामी होती. एक कुत्रं तेवढं अंग पसरून झोपलं होतं. भोंग्याने त्याच्यासाठीही भोंगा वाजवला.

वस्तादांनी पाच मिनिटं मान वळवून मागे बघितलं, पाच मिनिटं पुढे बघितलं. मग ते समजले, की ढमी आज कामावर नाही. आजारी असेल. नाहीतर आपण येणार हे तिला कसं कोण जाणे कळलं असेल आणि तिने गाडी बदलून घेतली असेल. ऊन उजवीकडून तोंडावर यायला लागलं तसे ते उठून डावीकडच्या बाकावर गेले, आणि दरीकडे तोंड करून बसले. बराच वेळ गेला. अचानक भोंग्याने वेग कमी केला, गाडीत सावली पडली, आणि उजवीकडच्या सगळ्या खिडक्यांमधून दुसऱ्या बसचा पत्रा सरकायला लागला. वस्ताद ताडकन उठले, एका बाईंच्या टोपलीला अडखळले, एका गृहस्थांच्या मांडीवर जवळजवळ बसलेच. खिडकीशी पोचेपर्यंत समोर होता तो फक्त त्या बसचा मागचा दिवा आणि नंबर. नंबर ढमीच्याच डेपोचा होता. बाहेर दगड होता अडतीस.

टोपलीवाल्या बाई म्हणाल्या, "काका, काही राहिलं का तुमचं मागे?"

"नाही," वस्ताद म्हणाले. त्या दिवशी चष्म्याचं दुकान त्यांनी लांबूनच बघितलं आणि दुपारच्या गाडीने तोंड पाडून परत आले.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ते तक्तेबाईंच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत जावं की नको, असं दोनदा करून झालं.

"बाई, ते दोन गाड्यांचं गणित असतं ना," ते म्हणाले, "एक इकडून निघते, एक तिकडून. ते शिकवाल का?"

"कोणाला?"

"मलाच. हल्ली फावला वेळ असतो."

तक्तेबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि समोरची खुर्ची मोकळी केली. शाळेत असताना वस्ताद बीजगणितात अशा काही गटांगळ्या खात, की शेवटी गुरुजींनीच हात टेकले होते. आकडे होते तोवर त्यांचं बरं चालायचं. आकड्यांच्या घरात अक्षरं राहायला आली आणि त्यांचा संसारच मोडला.

"एक्स आणि वायला घाबरायचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी चौकटींच्या कागदावर एक आडवी आणि एक उभी रेघ मारली. "आडवीवर वेळ. एक्स म्हणजे नऊ वाजल्यापासून किती तास झाले. उभीवर अंतर. वाय म्हणजे आपल्या फाटकापासून किती किलोमीटर. झालं. आपली गाडी तासाला किती जाते?"

"चढाला वीस."

"मग एक्स शून्य असताना वाय शून्य. एक असताना वीस. दोन असताना चाळीस. वाय बरोबर वीस एक्स. मांडा ठिपके."

वस्तादांनी जीभ दातांत धरून तीन ठिपके मांडले. पट्टी लावली. तिन्ही ठिपके एका रेघेवर आले तेव्हा त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

"दोनांत भागलं असतं की," ते म्हणाले.

"रेघ दोनांनी ठरते. तिसरा चूक पकडायला. तो रेघेवर बसला नाही तर समजायचं कुठेतरी घोळ आहे. आता दुसरी गाडी घ्या."

दुसरी गाडी वस्तादांना तोंडपाठ होती. बाई काही सांगायच्या आत त्यांनी साडेनऊला शून्य, साडेदहाला तीस, साडेअकराला साठ असे ठिपके देऊन रेघ ओढलीसुद्धा. दोन रेघा साडेदहाला, तिसाच्या उंचीवर एकमेकींना भेटल्या. तिसरा ठिपकाही अगदी रेघेवर होता. "हे बघा," ते म्हणाले, "इथेच भेटायला हव्यात. पण भेटत नाहीत."

बाईंनी कागद आपल्याकडे ओढला. "वस्ताद, ही गाडी निघते कुठून?"

"वरच्या गावाहून."

"मग तुमच्या कागदावर ती आपल्या फाटकातून का निघालीय? आपल्या गाडीनंतर अर्ध्या तासाने, आपल्याच मागून. ही समोरून येतच नाहीये. पाठलाग करतेय."

वस्तादांनी ती रेघ बोटाने पुन्हा गिरवून बघितली.

"त्यांच्या कागदावरचा तीस हा त्यांचा तीस," बाई म्हणाल्या. "ते त्यांच्या फाटकापासून मोजतात. आपल्या मोजणीत तो पन्नासावा दगड. तुम्ही तर सव्वीस वर्षं बघितलेत, दगडाच्या एका अंगाला आपला आकडा असतो, दुसऱ्या अंगाला त्यांचा."

वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. नव्या ड्रायव्हरांना पहिल्याच दिवशी ते स्वतः हेच शिकवत, की वरच्या डेपोचा माणूस दगड सांगायला लागला तर आधी विचार, कोणत्या अंगाचा. आणि स्वतःच्या वेळेला ओढीने असे आंधळे झाले होते, की एक कुत्रं बघून परत आले.

"म्हणजे चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

"कोणाचीच नाही. त्यांचंही बरोबर, आपलंही बरोबर. फक्त दोघांना एका कागदावर आणायचं तर शून्य एकच धरावं लागतं."

"पण कोणाचं धरायचं?"

"कोणाचंही. एकाने आपलं सोडायचं, एवढंच."

वस्तादांनी खोडरबर घेतलं आणि दुसरी रेघ बराच वेळ, कागद पातळ होईपर्यंत खोडली. मग नव्याने ठिपके दिले. साडेनऊला ऐंशी. साडेदहाला पन्नास. साडेअकराला वीस. ह्या वेळी रेघ वरून खाली उतरत आली, त्यांच्या दिशेने. नुसती कागदावर येताना बघूनसुद्धा ते खुर्चीत सावरून बसले.

"तासाला तीसने कमी होतेय," बाई म्हणाल्या. "वाय बरोबर पंच्याण्णव वजा तीस एक्स."

"पंच्याण्णव? अहो, रस्ताच ऐंशीचा आहे."

"एक्स शून्य म्हणजे नऊ वाजता. नऊला ती गाडी निघालेलीच नसते. पण रेघ मागे वाढवली तर नऊच्या ठिकाणी पंच्याण्णव येतो. तो नुसता कागदावरचा. तिथे रस्ता नाही की गाडी नाही."

बाईंनी पट्टी लावून रेघ मागे वाढवली, तुटक तुटक. वस्ताद त्या तुटक रेघेकडे बघत होते. नऊ वाजता ढमी कुठे असेल? घरातून निघाली असेल का? काही खाऊन निघते, की लहानपणी शाळेत जायची तशी अर्धी पोळी हातात घेऊन धावते? वेण्या तर आता घालायच्या नसतात, मग आरशापुढे किती वेळ जात असेल? एवढी वर्षं ते फाटकात बसून प्रत्येक गाडीचं मिनिट न् मिनिट लिहीत आले होते, आणि पोरीच्या दिवसातला एक तासही त्यांना सांगता आला नसता. तिची आठवण येत होती असं म्हणणं पुरेसं नव्हतं. ती त्यांना अंगात कुठेतरी दुखत होती.

"आता भेट," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडचा वाय एकच. वीस एक्स बरोबर पंच्याण्णव वजा तीस एक्स. पन्नास एक्स बरोबर पंच्याण्णव. एक्स किती?"

वस्तादांनी भागाकार दोनदा केला. "एक पूर्णांक नऊ दशांश. म्हणजे एक तास आणि... चोपन्न मिनिटं. दहा चोपन्न. वाय अडतीस." त्यांनी कागदावरच्या चौकटी बोटाने मोजल्या. दोन रेघा अडतिसावरच एकमेकींना छेदत होत्या. अडतीस म्हणजे टोपली, मागचा दिवा आणि नंबर.

पेन्सिलीने त्यांनी त्या जागी ठिपका दिला. मग तो जरा मोठा केला. मग आणखी.

"बाई, हा ठिपका केवढा असतो?"

"बिंदूला लांबी-रुंदी नसते, वस्ताद. तो दिसावा म्हणून आपण काढतो."

"म्हणजे त्यात वेळ किती मिळतो?"

"वेळ नाहीच. त्या क्षणाच्या आधी दोघी दूर, त्या क्षणानंतर दोघी दूर."

"मग बोलायचं कधी?" वस्ताद म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन खिडकीबाहेर बघायला लागले.

तक्तेबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. वरच्या डेपोच्या साडेनऊच्या गाडीवर कोण असतं हे सगळ्या डेपोला माहीत होतं, फक्त वस्तादांसमोर सगळे मूग गिळून बसत. "भोंग्याला सांगू का," त्या हळूच म्हणाल्या, "अडतीसला जरा थांब म्हणून?"

"नको," वस्ताद घाईघाईने म्हणाले. "चढाला थांबायचं नसतं. मीच शिकवलंय त्याला."

पुढचे पाच दिवस ते टपरीत बसून वाक्यं ठरवत होते. काचेला काच लागून जाते तेव्हा फार तर तीन सेकंद मिळतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. "काय ढमे, बरी आहेस ना, जेवणखाण वेळेवर होतं का" हे फार लांब होत होतं. "केस छान दिसतात" हे आधी केस बघितल्याशिवाय कसं म्हणणार? मंगळवारी संध्याकाळी त्यांनी "माझं चुकलं" हे घड्याळ लावून म्हणून बघितलं. एक सेकंद लागला. ते पुन्हा म्हणून बघितलं. एकच सेकंद.

दुसऱ्या बुधवारी बायकोने न विचारताच शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. "आज तरी चष्मा मिळू दे," ती म्हणाली आणि पटकन आत गेली.

आणि नेमका त्याच दिवशी निघायला उशीर झाला. कोणाची तरी लोखंडी ट्रंक टपावर चढेना. वस्तादांचा जीव टांगणीला लागला. खाली उतरून त्यांनी स्वतः ट्रंकेला हात लावला. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. त्यांनी तिकिटाच्या पाठीवर पेन्सिल चालवली. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, म्हणजे आपण दोन किलोमीटर मागे. वाय बरोबर वीस एक्स वजा दोन. उत्तर आलं सदतिसाच्या जरा अलीकडे. तिथे रस्ता अरुंद. म्हणजे तिला अडतीसलाच आपल्यासाठी थांबावं लागणार, आणि पाच-सहा मिनिटं थांबावं लागणार. उशीर चक्क पथ्यावर पडला होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच ढमी त्यांच्यासाठी थांबणार होती, भले तिला ते माहीत नसेना का.

ह्या वेळी ऊन आलं तरी ते उजव्या खिडकीशीच बसून राहिले. तीस गेला. कुत्रं होतं. पस्तीस गेला. सदतिसाच्या वळणावर भोंग्याने लांबलचक भोंगा दिला, आणि वरून, रुंद जागेतून, दोन तुटक भोंगे आले. उतरणारी गाडी थांबलीय, या, असं सांगणारे. तसे दोन तुटक भोंगे वस्ताद द्यायचे. घाटात दुसरं कोणी तसं देत नसे.

वस्ताद खिडकीची काच सरकवून पुढे झुकले. शेवटचं वळण संपलं आणि ती बस दिसली. डोंगराला अंग चिकटवून, चाकं नीट आत वळवून उभी. गाडी उभी कशी करावी हे शिकवताना उदाहरण म्हणून दाखवावी, अशी. भोंगा वेग कमी करून कडेकडेने चढायला लागला. दोघींमध्ये जेमतेम हातभर जागा. आधी भोंग्याची खिडकी आली, ढमीने त्याला मान हलवली. केस खरंच मानेपर्यंत होते. कानामागे सारलेले. त्यांच्यासारखाच उन्हाने रापलेला गाल, उजवा. तिला तसं बघून वस्ताद वाक्यच विसरले. एक सेकंदाचं, दोन शब्दांचं वाक्य, तेही. त्यांनी नुसता हात बाहेर काढला, तिच्या खिडकीकडे.

"हात आत घ्या!" ढमी ओरडली. कुठल्याही ड्रायव्हरने कुठल्याही प्रवाशावर ओरडावं तशी. तिची नजर त्यांच्या मागच्या पत्र्यावर होती, दोन गाड्यांमधल्या कमी होत जाणाऱ्या जागेवर. मग ती त्या हातावरून चेहऱ्यावर आली.

तिचा आवाज एकदम खाली आला. "हात आत घ्या, बाबा. लागेल."

वस्तादांनी हात आत घेतला. तिची खिडकी मागे गेली, मग तिच्या बसमधली अनोळखी तोंडं, मग मागचा दिवा. त्यांनी वळून बघितलं तेव्हा ती बस खालच्या वळणाला लागली होती.

एक वाजून गेल्यावर गाडी वरच्या गावच्या डेपोत पोचली. वस्ताद उतरले आणि तिथेच उभे राहिले. दोन्ही हात खिशात होते, जणू उजवा हात कोणी काढून घेईल. अर्ध्या तासाने भोंग्याने परतीचा भोंगा वाजवला. "चला वस्ताद, निघायची वेळ झाली."

"तू जा," वस्ताद म्हणाले. "घरी निरोप दे, मी आज थांबतोय."

भोंग्याने मान डोलावली आणि गाडी काढली. फाटकातून ती बाहेर जाताना त्याने भोंगा वाजवला नाही.

वस्ताद फाटकापाशी गेले. तिथल्या टपरीत एक पोक्त बाई वहीत वेळ लिहीत बसल्या होत्या. वस्ताद त्यांच्यापुढून एकदा गेले, परत आले, घसा साफ केला.

"साडेनऊला कारखान्याकडे गेलेली गाडी परत कधी येते?"

"साडेपाचला. का हो, काही राहिलं का गाडीत?"

"नाही. वाट बघायचीय."

"कोणाची?"

"ड्रायव्हरची," वस्ताद म्हणाले. मग म्हणाले, "माझी मुलगी आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी वस्तादांकडे नीट बघितलं, मग बाजूचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि फोन पुढे ओढला. "आता कारखान्यावर तिची जेवणाची सुट्टी असेल. कळवते ना तिला. काय सांगू?"

वस्ताद स्टुलावर बसले. एवढे दिवस घोकलेली सगळी वाक्यं त्यांच्या तोंडाशी आली आणि एकही बरोबर वाटेना. बाई फोन कानाला लावून वाट बघत होत्या. पलीकडे कोणीतरी ढमीला हाक मारायला गेलं होतं.

"सांगा," वस्ताद म्हणाले, "हात आत घेतला म्हणावं. आणि फाटकापाशी बसलेत. कितीही वाजू देत, बसून आहेत म्हणावं."